साहेबांच्या पोटावर

प्रणयला बॉल जाळ्यात मारता येत होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर लोकांनी त्याच्याबद्दल भलतंच काहीबाही सांगितलं.

चितेगावच्या एका कंपनीत तो तीन वर्षं कंत्राटावर होता. कारखान्यांची फुटबॉल स्पर्धा जिंकली तर खेळाडूंमधल्या एकाला कायम करायचं, असं व्यवस्थापनानं ठरवलं. तो एक म्हणजे प्रणय, हे कँटीनच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. मोनालीच्या वडलांना, बिडकीनच्या कारभारीमामांना, तर जास्तच. "कायमचं पत्र दाखव, मोनालीची अन् तुझी तारीख धरू," ते म्हणाले होते.

संघाचे गोलकीपर हिमांशू साहेब, प्रॉडक्शन मॅनेजर. उंची चांगली, हातमोजे परदेशी, उडीबद्दल न बोललेलं बरं. सरावाच्या पहिल्या संध्याकाळी प्रणय पाच वेळा एकटा त्यांच्यासमोर आला आणि पाचही बॉल कोपऱ्यात गेले. साहेब हसले. दुसऱ्या दिवशी प्रणयची ड्यूटी भट्टीजवळ लागली.

सुपरवायझर बद्रीनाथनं त्याला बाजूला घेतलं. "लई हुशार झाला का? साहेबांना बॉल अडवायला आवडतं. अडवू दे."

"मग बाहेर मारू का, भाऊ?"

"बाहेर मारल्यावर त्यांनी काय अडवायचं, वारं? जोरात मार, पण पोटावर. दिसलं पाहिजे जोरात अन् आलं पाहिजे हातात."

हेही एक कसबच. नजर कोपऱ्यावर ठेवायची आणि पाय ऐनवेळी आत वळवायचा. रोज वीस, असे चाळीस दिवस. आठशे बॉल त्यानं साहेबांच्या पोटावर नेऊन पोचवले. साहेब दरवेळी गवतावर लोळायचे, बद्रीनाथ टाळ्या वाजवायचा. भट्टीची ड्यूटी तिसऱ्याच दिवशी सुटली होती.

फायनलपर्यंत प्रणयनं सहा गोल केले, सगळे गर्दीतले, धक्काबुक्कीतले. फायनल गारखेड्याच्या मैदानावर, समोर वाळूजचा संघ. पंच्याऐंशी मिनिटं कोरी गेली. मग त्याला मैदानाच्या मधोमध बॉल मिळाला, अडवणारे दोघं मागे पडले आणि पुढं राहिला फक्त त्यांचा गोलकीपर. डावा कोपरा मोकळा, बैलगाडी जाईल एवढा. वेळही होता, आणि तोच घात झाला. घाईत पाय आपलं काम उरकतो. सवड मिळाली की त्याला शिकवलेलं आठवतं. प्रणयनं कोपऱ्याकडे बघितलं. बॉल जोरात गेला, दिसायला फार देखणा, आणि त्या अनोळखी माणसाच्या पोटावर बसला.

तीन मिनिटांनी वाळूजच्या एकानं साधा, सरपटता बॉल सोडला. हिमांशू साहेब दोन्ही हात पोटाशी धरून जागेवर उभे, बॉल शेजारून कोपऱ्यात. त्या बाजूला येणारा बॉल त्यांनी दीड महिना सरावात पाहिला नव्हता. सामना गेला. तो गोल मात्र कोणाच्या ध्यानात राहिला नाही. राहिला तो प्रणयचा न झालेला.

सोमवारी एचआरच्या भानुमती मॅडमनी त्याला बोलावलं. शेजारी हिमांशू साहेब बसलेले.

"गोलकीपर एकटा, तू एकटा. नेमकं झालं काय?" मॅडमनी पेन खाली ठेवून विचारलं. उत्तर ऐकायची त्यांची खरोखर तयारी दिसत होती.

प्रणयनं साहेबांकडे बघितलं.

"मॅडम, अशा वेळी जिगर लागते," साहेबच बोलले. "सरावातही हीच अडचण. मी समोर असलो की ह्याचा एक गोल होत नव्हता. बरोबर ना रे?"

"बरोबर, साहेब," प्रणय म्हणाला. "घाबरलो, मॅडम."

मॅडमनी पेन उचललं. कायमची जागा यंदा भरायची नाही असं ठरलं. प्रणयनं पुढच्या अकरा महिन्यांच्या कंत्राटावर सही केली. बाहेर निघताना साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, मोठ्या मनानं.

संध्याकाळी त्यानं मोनालीला फोनवर पहिल्यापासून सगळं सांगितलं. भट्टी, बद्रीनाथ, आठशे बॉल.

"पायाला सवय लागली व्हती, ते समजलं," ती म्हणाली. "पण आज मॅडमनी तोंडावर विचारलं की. तव्हा?"

"साहेब तिथंच होते."

ती म्हणाली, "बाबा पाचोडला स्थळ बघून आलेत. मी नाय म्हणणार व्हते."