सासूची स्पॅनिश

सून घरात आली की तिला आपली भाषा शिकवायची, ही जगाची रीत. मरोळ गावठाणातल्या सेराफिनाने ती उलटी केली, आणि सगळं सुरू झालं ते एका बॅगेवरून.

सून पिलार स्पेनमधल्या कादिस बंदरातली. सेराफिनाचा मुलगा बर्नार्ड जहाजावर होता. त्याने तिकडेच लग्न केलं, चौऱ्याऐंशीच्या ईस्टरला तिला घरी आणलं आणि वीस दिवसांत नऊ महिन्यांच्या करारावर पुन्हा निघून गेला. पोरीला दिवस गेलेले. मराठी सोडाच, तिला इंग्रजीही येत नव्हतं. ऑगस्टमध्ये एका सकाळी तिने बॅग भरून सासऱ्यापुढे, हेन्रीपुढे ठेवली आणि रडत रडत खूप काही बोलली. हेन्रीने त्यातून एवढंच ओळखलं, की सून घर सोडून पळतेय. त्याने तिचा पासपोर्ट आणि परतीचं तिकीट कपाटात घातलं आणि चावी कमरेला लावली. तेव्हापासून पिलार खोलीतून बाहेर येईना. ताट आत न्यावं, तर अर्धं तसंच परत.

"गोऱ्या पोरीला आपला बोंबील पचत नाही गो," शेजारची उर्सुला म्हणाली.

"न पचायला काय झालं? आल्या आल्या चार-चार खायची. दुसरंच काहीतरी आहे तिच्या मनात."

"मग विचार की!"

"कुठच्या तोंडाने विचारू? तेच तर येत नाही. बर्नार्डला पत्र टाकलंय, ते जहाजामागे कुठे फिरतंय देव जाणे."

सेराफिना अक्षरं शिकली तीच मुळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, चर्चच्या प्रौढ वर्गात. त्याआधी दवाखान्यात, बँकेत चार माणसं बोलतात-वाचतात आणि आपण नुसतं तोंड बघत बसतो, हे तिने जन्मभर सोसलं होतं. तिने शंभर पानी वही काढली आणि सुनेच्या खोलीत जाऊन बसली.

पुस्तक नाही, मास्तर नाही. सुरुवात करायची कुठून? तिने समोरच्या मेजावर हात ठेवला. "मेज."

पिलारने मान वर केली. "मेसा."

सेराफिनाने मोरीतून साबण आणला. "साबण."

"खाबोन."

बटाटा आणला, तर ती म्हणाली, "पाताता." भिंतीवरचा क्रूस दाखवला, तर तो क्रूसच निघाला.

"अगो, ही तर निम्मी आपलीच भाषा बोलते!" सेराफिना मांडीवर थाप मारून हसली. ती का हसते ते पिलारला कळलं नाही, पण बऱ्याच दिवसांनी तीही हसली.

ओळखीचे शब्द चार दिवसांत संपले. मग सेराफिनाने कामं धरली. पाणी पिताना "आग्वा", दार उघडताना "आब्रे", लावताना "सिएर्रा". दिवसाला तीनच शब्द, मराठी अक्षरांत वहीत लिहायचे आणि झोपेपर्यंत पुरवायचे. "देस्पासियो", म्हणजे हळू बोल, हा शब्द तिने सगळ्यांत आधी पाठ केला, कारण पिलार बोलायला लागली की थांबतच नसे. एक गोष्ट तिच्या लवकरच ध्यानात आली. आपण गप्प बसलो तर पोर गप्प बसते, आणि आपण चुकीचं बोललो की ती चारदा बोलते. मग सेराफिना बेधडक चुकू लागली.

पिलार चुका सुधारायला स्वयंपाकघरापर्यंत आली. कालवण उतू चाललेलं असायचं आणि पिलार डाव पाठीमागे लपवून विचारायची, "कोमो से यामा?" नाव काय ह्याचं? नाव सांगितल्याशिवाय डाव मिळत नसे.

"ह्या वयात स्पॅनिश!" हेन्री कुरकुरायचा. "मला मराठीत शिव्या देऊन भागत नाही काय?"

"त्या तुम्हाला आता पाठ झाल्या."

तिसऱ्या आठवड्यात "कियेरो" सापडला. म्हणजे मला पाहिजे. त्याच्यापुढे काहीही ठेवा, वाक्य तयार. कियेरो आग्वा. कियेरो दोर्मीर, मला झोपायचंय. दारावरच्या कोळणीलासुद्धा सेराफिना म्हणाली, "कियेरो बोंबील!" आणि कोळणीने टोपली उचलून शेजारचं दार गाठलं.

एका दुपारी दोघी कोलंबी सोलत बसल्या होत्या. सेराफिनाने विचारलं, "के कियेरेस, पिलार?" तुला काय पाहिजे?

पिलारचे हात थांबले. ती भडाभडा बोलू लागली.

"देस्पासियो, देस्पासियो."

मग पिलार एकेक शब्द सुटा करून बोलली. "कियेरो. तेनेर. आल निन्यो. एन कासा. दे मी माद्रे."

निन्यो म्हणजे मूल, कासा म्हणजे घर, माद्रे म्हणजे आई. वहीत होतं सगळं. तेनेर तेवढा नव्हता, त्यासाठी पिलारने कोलंबीने माखलेले हात झुलवून पाळणा केला.

मूल आईच्या घरी व्हायला हवंय!

पहिलं बाळंतपण माहेरी. ही पोर पळत नव्हती, रीतीनेच निघाली होती. सातासमुद्रांपलीकडेही लेकीला ह्या वेळी आईच आठवते, हे आपल्याला कसं सुचलं नाही?

पण लगेच दुसरा विचार आला. गेली आणि आलीच नाही तर? नातवाचं तोंड दिसायचं नाही. आणि तिचं बोलणं घरात आपल्याशिवाय कोणाला कळलंय? सातवा महिना सरत आलाय. आणखी थोडे दिवस गप्प राहिलं, की विमानवालेच तिला नाही म्हणतील.

दोन दिवस सेराफिनाने वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी पिलार डाव पाठीमागे लपवून पुढ्यात उभी राहिली. "कोमो से यामा?" शब्द येत होता, पण सेराफिनाला तिच्या डोळ्यांना डोळे देववेनात. ती तडक अंगणात हेन्रीपुढे गेली.

"कपाटाची चावी द्या."

"कशाला? पळून जाऊ दे म्हणतेस?"

"बाळंतपणाला माहेरी जायचंय तिला."

"कोणी सांगितलं तुला?"

"तिनेच."

हेन्रीने कमरेची चावी मुठीत धरली. "आणि परत नाही आली तर? आपला नातू तिकडचाच होईल."

"बर्नार्डच्या वेळी माझी माय मला न्यायला आली होती. तेव्हा तुमच्या मायने कपाटाला कुलूप लावलं होतं काय?"

हेन्रीने करदोट्याची गाठ सोडली. त्याला वेळ लागला, पण सोडली.

डॉक्टरची चिठ्ठी झाली, कादिसला तिच्या आईला आणि जहाजावर बर्नार्डला तारा गेल्या. एका गुरुवारी तिघं टॅक्सीने सहार विमानतळावर आली. सेराफिनाने जुन्या लुगड्यांची लहानशी गोधडी शिवली होती, ती तिने पिलारच्या हातात दिली. पिलार तिच्या गळ्यात पडून खूप बोलली. सेराफिनाला निम्मं कळलं. मग पिलारने डोळे पुसले, आणि ती आत गेली.

हेन्री काचेतून बघत राहिला. ती दिसेनाशी झाल्यावर त्याने विचारलं, "परत येईन म्हणाली काय?"

"मी विचारलं नाही."

"इतकं शिकलीस, आणि तेवढं वाक्य येत नव्हतं?"

"येत होतं. चार दिवस घोकत होते." सेराफिनाने नाक पुसलं. "माहेरी निघालेल्या पोरीला तसं विचारतात काय?"