कुंपणावरची सतरंजी

"तुमी कायले गेलते जी त्या अरुंधतीच्या घरी?" प्रेमिलाने विचारले.

"प्लेट पाहाले," हात धुता धुता तिचा नवरा लहानू म्हणाला. "काय चीज हाय वं! आवाज नाही, कटकट नाही. ऊन पडलं का बॅटरी भरून राहिली. आपल्या इकडं हवा काय ते आखाडातच. ऊन मात्र पाहाल तिकडं."

प्रेमिलाला ते झोंबले. उमरेड रोडवरच्या त्यांच्या वस्तीत विजेचे खांब आले नव्हते. मोटारींचा मिस्त्री असलेल्या लहानूने जीपच्या जुन्या डायनॅमोला लाकडी पाती बसवून छपरावर पंखा उभारला होता. पावसाळी वाऱ्याने घरात बल्ब पेटला, तेव्हा सारी वस्ती पाहायला लोटली. बोअरिंगवर बाया प्रेमिलाला आधी पाणी भरू देऊ लागल्या. पण दिवाळीनंतर वारा पडला, आणि शेजारच्या अरुंधतीच्या नवऱ्याने सरकारी योजनेतून सूर्याची ती निळी प्लेट आणून अंगणात बसवली. बाया तिकडे जमू लागल्या. आणि ज्याने जळायचे, तोच कौतुक करत होता!

दुसऱ्या दिवशी अरुंधती बालवाडीत शिकवायला गेल्यावर प्रेमिलाने गोधडी धुतली आणि मधल्या कुंपणावर काठ्या लावून उंच वाळत घातली. पौषातले ऊन कललेले. सावली नेमकी प्लेटवर पडली. गोधडीनंतर चादर, मग सतरंजी. रोज काही ना काही वाळत राहिले.

अरुंधतीचा दिवा मंदावत गेला. एका संध्याकाळी तो विझलाच, आणि तिचे सासरे बापूजी उंबरठ्याला अडखळून पडले. उजवे मनगट मोडले.

सकाळी लहानूने अरुंधतीकडे जाऊन तारा तपासल्या, बॅटरी पाहिली. मग ऊन वर आले, कुंपणावर राहिलेल्या कालच्या सतरंजीची सावली प्लेटवर सरकली, आणि त्याची नजर तिकडे गेली.

"काय बिघडलं, लहानूभाऊ?" अरुंधतीने विचारले.

"काही नाही, बाई. ऊन कमी पडलं."

त्याने सतरंजी काढली, घरी आणून प्रेमिलाच्या हातात दिली.

"बोला ना जी काही," ती म्हणाली.

तो डबा घेऊन कामावर निघून गेला.

दिवसभर तिला काही सुचले नाही. संध्याकाळी ती भात-वरण घेऊन शेजारी गेली. बापूजी भिंतीला टेकून बसले होते, हात झोळीत.

"बापूजी, कुंपणावर कपडे मीच टाकत होती. मुद्दाम."

अरुंधती चुलीपाशी थबकली.

"काहून वं, पोरी?" बापूजींनी विचारले.

प्रेमिलाने वर पाहिले. दिवसभराच्या उन्हावर दिवा पुन्हा स्वच्छ जळत होता. आताही तो उजेड तिला डोळ्यांत खुपला.

"पाहावलं नाही मले," ती म्हणाली.

बापूजींनी मान हलवली. मग त्यांनी तोंड उघडले, आणि तिने पहिला घास भरवला.