पाचव्या स्फटिकाची तार

डोंगराच्या पोटातल्या त्या प्रयोगशाळेत बाप आणि लेक दोघंही कामाला होते. बाप लेथवर, लेक शास्त्रज्ञ. चारचौघांत तो तिला 'मॅडम' म्हणायचा.

काम मोठं चिकाटीचं. वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर स्फटिकातला एखादा अणू फुटणार आणि कणभर ऊब येणार. ती कळावी म्हणून स्फटिक इतके गार करायचे की त्याहून गार जगात काही नसावं. त्यांना धरणाऱ्या तांब्याच्या चौकटी बापाने कातल्या होत्या. तारा लेकीने जोडल्या होत्या.

स्फटिक बसवलेलं यंत्र गार झालं, आणि पाचव्या स्फटिकातून संकेताऐवजी नुसता खरखराट येऊ लागला.

"कशामुळे?" बैठकीत प्रमुखांनी विचारलं.

तिला पक्कं आठवत होतं. पाचव्याची एक तार तिला ढिली वाटली होती, पण घरी जायची घाई होती, म्हणून तपासणीच्या कागदावर 'ठीक' लिहून तिने सही ठोकली होती. तरी तोंडातून निघून गेलं, "चौकट सैल असावी. कातताना मापात फरक पडला असेल."

सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. बाप उठून उभा राहिला.

"असेल, मॅडम. हात पूर्वीसारखा राहिला नाही."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढच्या चौकटींचं काम बाहेरच्या कारखान्याला गेलं. बापाला दाराजवळच्या खोलीत खोकी भरायला बसवलं. घरी तो याविषयी चकार शब्द काढत नसे. ती मात्र ताटावर मान खाली घालून जेवायची.

सात महिन्यांनी यंत्र उघडलं. चौकट जिथल्या तिथे घट्ट होती. तार सुटली होती. जवळ कोणी नव्हतं. गुपचूप जोडून टाकता आली असती. तिने प्रमुखांना बोलावलं.

"चूक माझी आहे. आणि मला ती तेव्हाच माहीत होती."

संध्याकाळी बापासमोर मात्र तिला वाक्य पुरं करता येईना.

"बाबा, ती चौकट..."

"ठाऊक आहे. मापं माझ्या वहीत आहेत."

"मग बोलला का नाहीत?"

"लेकीला खोटं पाडू चारचौघांत? चूक कोणाच्याही हातून होते गं. माझ्या हातावर ढकललीस, ते लागलं."

काम त्याच्याकडे परत आलं नाही. कारखान्याशी करार होऊन गेला होता. निवृत्त होईपर्यंत तो खोकीच भरत राहिला. ती रोज त्या खोलीवरूनच आत जायची.