बापूरावांचा आगीचा बंब

मित्रांनो, आर्वीजवळच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका बंद जिनिंगमध्ये, पत्र्याच्या शेडखाली मी उभा आहे. मी एक जुना आगीचा बंब आहे. मला बापूरावांनी आणलं.

बापूराव सायकलवर सरकी विकायचे. त्यातून त्यांनी ही जिनिंग उभारली. दुसऱ्याच हंगामात मशीनची ठिणगी कापसाच्या गंजीवर पडली. वर्ध्याहून बंब येईपर्यंत सगळं जळालं, कामावरच्या आनंदाबाईही गेल्या. बापूराव त्यांच्या घरी गेले आणि दारातच थांबले. तिथूनच ते परत फिरले.

"मशीन मंग पाहू, आधी बंब," ते म्हणाले. माझा ड्रायव्हर प्रेमदास याला त्यांनी बजावलं, "गाव कोनतं, घर कोनाचं, इचारू नको. निंगून जाजो."

वीस वर्षं आम्ही धावलो. गोठे, घरं, उभा गहू. एका शाळेची आग विझवली, तेव्हा पोरांनी माझ्या चिखलानं भरलेल्या बोनेटवर हार घातला. बापूराव गर्दीत मागे उभे राहून डोळे पुसत होते.

मग त्यांना लकवा मारला. जिनिंग बंद पडली. मुलगा धनंजय नागपूरला राहायचा, अधूनमधून यायचा. माझी बॅटरी कोणी काढून नेली, पाइप उंदरांनी कुरतडला. बापूराव खाटेवरून विचारायचे, "बंब चालू हाये ना?"

"हो बाबा," धनंजय म्हणायचा. वडिलांना त्रास नको, एवढंच त्याच्या मनात असायचं.

गेल्या चैत्रात, धनंजय आलेला असताना, भर दुपारी जिनिंगमागच्या कामगारांच्या वस्तीला आग लागली. म्हातारा प्रेमदास धावत आला. त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी मला जोडली, टाकी भरली. इंजिन सुरू झालं! पण पंप चालू होताच पाइप फाटला. सगळं पाणी माझ्याच चाकांखाली वाहून गेलं. वस्तीतल्या वच्छलाबाई नातीला घेऊन बाहेर पडल्या. त्यांचे यजमान रामाजी आतच राहिले.

लोकांनी बापूरावांना खाटेसकट जिनिंगच्या अंगणात आणलं होतं. त्यांनी ते सगळं पाहिलं.

"काऊन खोटं बोलला रे मले?"

धनंजयनं माझा फाटका पाइप उचलून पाहिला.

त्यानंतर बापूराव कोणाशीच बोलले नाहीत. पोळ्याआधी ते गेले.

मित्रांनो, पुन्हा उन्हाळा आला आहे आणि माझा पाइप अजून तसाच फाटका आहे. तुमच्या गावात माझ्यासारखा कोणी उभा असेल, तर त्याचं इंजिन, पंप, पाइप स्वतः चालवून पाहा. मला हात असते तर जोडले असते. आजच जा.