आधी मेलेला माणूस

नालोंगोने दारावरचं पोतं खाली ओढून उन्हाची शेवटची फट बुजवली आणि मागे वळली, तोवर सिनेमातला माणूस मेलासुद्धा होता.

पहिल्याच मिनिटाला. मागचे दोन बाक अजून भरायचे होते, शेंगदाण्याच्या पुड्या हातोहात पुढे सरकत होत्या, आणि पडद्यावर लांब कोट घातलेला एक गोरा माणूस बर्फात पालथा पडला होता. त्याच्यापाशी दुसरा गोरा पिस्तूल घेऊन उभा होता आणि हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा त्या हाताकडे बघत होता.

"संपला का?" सेबुन्या ओरडला. सेबुन्याची तळ्याच्या धक्क्यावर मासे धुरवायची भट्टी होती आणि तो आला की त्याच्या आधी त्याचा वास आत यायचा. "नालोंगो, व्हिलन मेला. आता आम्ही घरी जायचं का?"

"जा की. बायको घरात घेत असेल तर जा."

बाक हसले. नालोंगो हसली नाही. ती पडद्याच्या उजव्या अंगाला बघत होती. तिथे उंच स्टुलावर सालोंगो, तिचा नवरा, माइक हनुवटीला टेकवून बसला होता.

या पत्र्याच्या हॉलमध्ये एकोणीस वर्षं इंग्रजी सिनेमे लागत होते आणि एकोणीस वर्षं ते लुगांडा भाषेत सांगायचं काम सालोंगोचं होतं. धक्क्यावरचे कोळी सिनेमाला येत नसत, सालोंगोला यायचे. तो गोऱ्या पोलिसांना इथल्या पोलिसांची नावं द्यायचा, राजवाड्यातल्या राण्यांना मटोकेची हिरवी केळी सोलायला लावायचा. एकदा अर्ध्यात वीज गेली आणि जनरेटरही बसला, तेव्हा उरलेला अर्धा सिनेमा त्याने अंधारात तोंडी सांगितला होता. एकही माणूस उठला नव्हता.

"ही गोळी उगाच नाही सुटलेली," सालोंगो माइकमध्ये म्हणाला. "बघत राहा."

आवाज ठीक होता.

दुभाष्याला सिनेमा आधी बघून ठेवावा लागतो. सालोंगोने आज सकाळी तो दोनदा बघितला होता, आणि दोन्ही वेळा नालोंगो शेजारी शेंगा फोडत बसली होती. ईस्टरपासून ती अशी बसत होती. कारण सकाळी बघितलेलं दुपारपर्यंत त्याच्या डोक्यात टिकत नव्हतं. मग ती अख्खा सिनेमा स्वतःच्या डोक्यात भरून घ्यायची आणि खेळ सुरू झाला की त्याच्या स्टुलामागे चटई टाकून बसायची. आता भाऊ दगा देतो. आता ही विष घालते. सालोंगो ते उचलायचा आणि दहापट करून सांगायचा. लोक म्हणत, नालोंगोची नजर गेली, पडद्याला नाक लावून बसते बिचारी. म्हणोत. कमी दिसणाऱ्या म्हातारीला कोणी हसत नाही.

पण आजचा सिनेमा तिलाही कळला नव्हता. पहिल्यांदा बघितला तेव्हा थोडा, दुसऱ्यांदा बघितला तेव्हा तोही गेला. दुपारी जेवताना सालोंगोने विचारलं, "आज कुठला आहे?" आणि तिने त्याच्या ताटात भात वाढला.

मागच्या बाकावर ऊस सोलत मुबिरू बसला होता. मसाका शहरातला नवा दुभाष्या, तरणाताठा, गॉगल केसांत खोचलेला. त्याला किझ्झाने बोलावलं होतं. किझ्झा नालोंगोचा मुलगा, बत्तीस वर्षांचा, सिनेमाचं मशीन तोच चालवायचा. "आई, परवा बाबांनी एकाच माणसाला तीन नावं दिली," तो म्हणाला होता. "लोक हसले, पण सिनेमाला नाही हसले. आज नीट झालं तर ठीक. नाहीतर रविवारपासून मुबिरू बसेल स्टुलावर. बाबांना घरी बसवू, आराम करू दे."

घरी बसलेला सालोंगो कसा दिसेल ते नालोंगोच्या डोळ्यांपुढे आलं होतं. खुर्ची, भिंत, आणि बोलायला कोणी नाही. ती म्हणाली होती, "बघू."

पडद्यावर उजेड झाला. एका हॉटेलात कोटवाला माणूस अंडी खात होता. मघाशी बर्फात मेलेला, तोच. पिस्तूलवाला त्याच्या समोर बसून त्याच्याशी हसत होता.

हॉलमध्ये गलका झाला.

"अरे, हा मेला होता."

"जुळा असेल."

"जुळ्यानेपण तोच कोट घातलाय?"

"किझ्झा, तुकडे उलटे जोडलेस लेका. आधीचा मागे लावलास."

किझ्झा वाकून आईपाशी आला. "मला सकाळीच शंका आली होती. शहरात कॉपी करणाऱ्याने तुकडे उलटे भरलेत. मी बंद करतो, दहा मिनिटांत मागचा पुढे लावतो."

"हात लावू नकोस."

"आई, कोणाला काही कळत नाहीये."

"तुला बीजगणित कळायचं नाही म्हणून मास्तरांनी शाळा बंद केली का? बस तिकडे."

पण माइक गप्प होता. तेच वाईट. सालोंगो पडद्याकडे तोंड उघडं ठेवून बघत होता आणि त्याचा अंगठा माइकच्या बटणावरून पुढे-मागे सरकत होता. मागे मुबिरूने ऊस बाजूला ठेवला.

नालोंगो बाकांच्या मधून, कोणाचे पाय तुडवत, कोणाला दरडावत, चटईपाशी पोहोचली. सालोंगो खाली वाकला.

"नालोंगो, हा मेला होता ना?"

"मेला होता."

"मग हा बसलाय कसा?"

तिने पडद्याकडे बघितलं.

"मला नाही माहीत, सालोंगो," ती म्हणाली.

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने त्याला कधी ऐकवलं नव्हतं. मासळीचा भाव, पावसाचा दिवस, शेजारणीचं पोट कितव्या महिन्याचं, तिला सगळं माहीत असायचं. सालोंगोने तिच्याकडे बघितलं. त्याचे खांदे सैल पडले, बोजा दुसऱ्या कोणी उचलल्यासारखे. मग त्याने माइक वर घेतला.

"मंडळी, किझ्झाला शिव्या देऊ नका. त्याची चूक नाही. तुम्ही पहाटे जाळं ओढता तेव्हा कुठलं टोक आधी हाताला लागतं?"

"शेवटी टाकलेलं," कोणीतरी म्हणालं.

"आणि पहिलं टाकलेलं?"

"सगळ्यात शेवटी येतं."

"मग ओढत राहा."

सेबुन्याने शेंगदाण्याची पुडी मांडीवर ठेवली.

"हा पिस्तूलवाला आपला माणूस," सालोंगो सांगू लागला. "डोक्याला मार लागलाय. जे बघतो ते चहाचा कप संपेस्तोवर राहतं, मग पुसून जातं. आता बघा, खोलीत आला. कशाला आला? त्याला माहीत नाही. मलाही नाही. कोणाला माहीत असेल तर या, माइक घ्या."

लोक हसले. कोणी उठलं नाही. मुबिरूसुद्धा नाही.

"दार उघडलं. समोर एक बाई. ओळखीची आहे की नाही? आता हा काय करतो बघा. हसला. बघितलंत? कोणीही समोर आलं की आधी हसायचं. मग समोरचा बोलायला लागतो. त्याच्या बोलण्यातून हळूहळू कळतं, आपण कोण, तो कोण, भांडण आहे की लग्न. घाई करायची नाही. विचारायचं तर मुळीच नाही. विचारलं की त्यांचे चेहरे उतरतात."

नालोंगो चटईवर ताठ बसली. ते हसणं तिला माहीत होतं. ईस्टरपासून घरात रोज सकाळी ती ते बघत होती. तिला वाटत होतं, म्हातारपणी माणूस गोड झाला.

सिनेमा मागे मागे जात राहिला. कोटवाला माणूस शत्रू होता, मग सोबती झाला, मग नुसता अनोळखी. एकेक दृश्य आल्यावर आधीच्या दृश्याचा अर्थ बदलत होता आणि बाकावरची माणसं एकमेकांच्या बरगड्यांत कोपर मारत होती. एकाला वाटलं त्याला कळलं, त्याने उभं राहून सांगितलं, आणि पुढच्याच दृश्याने त्याला खाली बसवलं. सालोंगो कोणालाच हुशारी दाखवत नव्हता. "मी पण तुमच्याइतकाच अडकलोय," तो म्हणायचा, आणि चाळीस माणसं त्याच्याबरोबर अडकायला पुढे सरकायची. नालोंगोने एकदाही काही सुचवलं नाही. तिला सुचवण्यासारखं काही नव्हतं आणि त्याला ते नको होतं.

शेवटचं दृश्य एका स्वयंपाकघरातलं होतं. सकाळ, खिडकी, किटली. अपघात व्हायच्या आधीची गोष्ट. पिस्तूलवाला, अजून डोकं शाबूत असलेला, टेबलाशी बसला होता आणि त्याची बायको पाठमोरी उभी राहून इंग्रजीत काहीतरी बोलत होती.

"ही त्याची बायको," सालोंगो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला, तरी माइक होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "ती रागावते आहे. ती रागावली की त्याला बरं वाटतं. पण एक गंमत आहे, मंडळी. तिचं नाव त्याला आठवत नाही. अपघाताच्या आधीपासूनच. घरात सगळे तिला जुळ्यांची आई म्हणतात, तोही तेच म्हणतो. भागून जातं. तिला काही कळलेलं नाही. ती नाव विचारत नाही तोवर घर उभं आहे."

लोक हसले. पडद्यावरच्या घरात एकही मूल नव्हतं, पण सालोंगो गोऱ्यांना इथलीच नाती लावायचा, त्याचीच तर मजा होती. किझ्झा मात्र हसला नाही. त्याला इंग्रजी जेमतेम कळायचं, पण एवढं कळायचं. त्याने पडद्याकडे बघितलं, मग आईकडे.

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई, सालोंगो म्हणजे जुळ्यांचा बाप. जुळी झाली की आईबापांची आधीची नावं मागे पडतात आणि गाव पुढे हेच म्हणतं. जुळ्या मुलींची नावंही रीतीने ठरलेली, पहिली बाबिर्ये, दुसरी नाकातो, आणि त्यांच्या पाठीवरचा तो किझ्झा. या घरात कोणाचंही नाव आठवून ठेवायची गरज नव्हती. तिच्या नावाने तिला हाक मारणारी शेवटची माणसं माहेरची, आणि ती केव्हाच गेली होती.

दिवा लागला. माणसं डोळे चोळत, भांडत बाहेर पडू लागली.

"म्हणजे पहिल्यांदा मेला तो शेवटी मेला?"

"नाही रे, शेवटी मेला तो आधी दाखवला."

"मग आपण आता बघितली ती सुरुवात?"

"नालोंगो," सेबुन्या दारात थांबला. "उद्या परत हाच लाव. आज मला काही कळलं नाही. असं न कळलेलं फार दिवसांत बघितलं नव्हतं."

"तुला कशातलं कळतं? आंघोळ करून ये उद्या."

किझ्झा वायर गोळा करायला आला, पण वायरीला हात न लावता उभा राहिला. "मुबिरू विचारतोय, रविवारी येऊ का."

"येऊ दे ना. तिकीट काढून पहिल्या बाकावर बस म्हणावं."

किझ्झाने मान हलवली. तरी गेला नाही. "आई, त्या बायकोचं जे बाबा म्हणाले... सिनेमात तसं कोणी म्हणालं नव्हतं. ती फक्त दूध संपलं असं म्हणत होती."

"मला इंग्रजी येत नाही," नालोंगो म्हणाली. "जा, जनरेटर बंद कर. डिझेल फुकट येत नाही."

तो गेला. तिने दारावरचं पोतं वर बांधलं. तिरपं ऊन आत आलं, बाकांखालच्या टरफलांवर पडलं. सालोंगो स्टुलावरून उतरून माइकची वायर कोपरावर गुंडाळत होता, एकसारखे वेढे, हाताला सवयीचे. तिची चाहूल लागली तसं त्याने वर बघितलं, आणि हसला.

नालोंगो उभी राहिली. तिच्या जिभेवर प्रश्न आला होता. आयुष्यात तिने जिभेवर आलेलं गिळलं नव्हतं, दारात आलेल्या पुढाऱ्यासमोर नाही, चर्चच्या फादरसमोर नाही.

तिने एक हात बाकाला लावला आणि खाली वाकली. गुडघे दोन वर्षं दुखत होते. पाहुण्यापुढे बायकांनी गुडघे टेकायची रीत तिने सोडली होती, खुर्चीतूनच विचारपूस करायची आणि कोणाची बोलायची छाती नव्हती. आता ती टरफलांवर दोन्ही गुडघे टेकून बसली, सोयरिकीसाठी आलेल्या माणसांसमोर मुलगी बसते तशी, हात मांडीवर.

"मी नानोनो," ती म्हणाली. "लुबेगांची मुलगी. बिबट्याच्या कुळातली. आमचं घर कालिसिझोला."

वायरीचा वेढा अर्ध्यावर थांबला. सालोंगोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बाहेर जनरेटर धडधडत बंद झाला आणि तळ्याचा आवाज आत आला.

"लुबेगा," तो सावकाश म्हणाला. "आंब्याच्या झाडांना पोकळ ओंडके टांगलेत, त्यांचं घर. अजून मधमाश्या पाळतात का ते?"

लुबेगांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. पुरताना झाडाच्या सालीचं कापड त्यांच्या अंगावर सालोंगोनेच गुंडाळलं होतं.

"पाळतात," ती म्हणाली. "यंदा मध चांगला आहे."