कमरेचा आकडा

मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. मित्रांनो, माझी लांबी साठ इंच, टोकाला पितळी पट्टी. बस आगाराच्या शिवणखोलीत वीस वर्षं मी मावशींच्या गळ्यात लटकले.

मावशी आगारातल्या सगळ्यांचे गणवेश शिवायच्या. दरवर्षी मी प्रत्येकाच्या कमरेला वेढा घालायचे. कार्यशाळेतले मिस्त्री दिवसभर चाकं उचलायचे, गाडीखाली सरपटायचे. त्यांचा आकडा सहसा हलत नसे. तिकीटखिडकीवरचे कारकून आणि चालक मात्र बसून बसून वाढत. मावशी त्यांच्या शिवणीत कापड जास्त ठेवायच्या.

मग नवे साहेब आले. त्यांनी फलक लावला. कंबर अडतीसच्या वर गेली तर नवा गणवेश नाही, आणि गणवेशाशिवाय गाडी नाही.

दुसऱ्या दिवशी एक चालक आला. त्याला सगळे दादा म्हणत.

"मावशी, टेप जरा ओढून धरा," तो हळूच म्हणाला. "अडतीस लिहा. पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. आत्ता घरी बसलो तर कसं व्हायचं?"

मी बेचाळीस दाखवले. मग त्यानं पोट आत ओढलं, चेहरा लाल झाला. इतकी वर्षं इमानानं गाडी हाकणाऱ्याला ही लाज? मला संताप आला.

"श्वास सोड," मावशी म्हणाल्या. "बेचाळीसच लिहिणार."

मग त्यांनी मापांची वही उचलली आणि मला गळ्यात घेऊन थेट साहेबांची खोली गाठली.

"हे दादाचं पान बघा. कार्यशाळेत होता तेव्हा बत्तीस. गाडीवर घेतला, दहा वर्षांत बेचाळीस. डबा तोच, डबा देणारी तीच. बदललं ते फक्त बसणं."

"मग काय, उभ्यानं गाडी चालवू देऊ?"

"दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास द्या. पाय मोकळे करू देत, दोन घास नीट खाऊ देत. आणि फलक काढा. नाहीतर उद्यापासून मी एकही गणवेश शिवत नाही. तुमचाही."

साहेब बराच वेळ वही चाळत राहिले. संध्याकाळी फलक उतरला. अर्धा तास मात्र फक्त लांबच्या गाड्यांना मिळाला. कारकून अजून तसेच बसून आहेत. दादाची कंबर आज एक्केचाळीस आहे. एकच इंच उतरला, पण माप देताना तो आता ताठ उभा राहतो.

माझे आकडे पुसट झाले, म्हणून मी आता खिळ्यावर असते. म्हणून काय गप्प बसू? मित्रांनो, कुणाच्या पोटाला हसण्याआधी विचारा, तो दिवसभर कुठे बसतो आणि त्याला उठू कोण देत नाही. आकडा मी खराच सांगेन. पण त्या आकड्यानं कुणाला हिणवायचं असेल, तर मला हात लावू नका.