हाक ओळखणारा खेळ

मोनिकानं ती ओळ लिहिली तेव्हा तिला स्वतःचं भारी कौतुक वाटलं होतं. ‘तुम्ही हाक मारा, मेंढरं वळतील!’ पुण्यातल्या एका लहानशा गेम कंपनीत ती मराठी जाहिराती लिहायची. मेंढपाळाच्या गेमसाठी मेंढपाळाच्याच घरची पोर मिळाली म्हणून साहेब खूश. या गेमला हाक ऐकू येते का, असं तिनं एकदा विचारलं होतं. ‘पुढच्या अपडेटला येईल,’ साहेब म्हणाले. तिनंही ते सोयीनं मानलं. शिवाय वरवंडला घरी येऊन आबांची, म्हणजे आजोबांची, हाक रेकॉर्ड केली आणि जाहिरातीला जोडली. शहाणीच ती!

अपडेट काही आलं नाही. जाहिरात मात्र शिरूरपासून दौंडपर्यंत मोबाइल-मोबाइलवर पोचली.

दोन महिन्यांनी एका रविवारी ती घरी आली, तर आई दारातच म्हणाली, “आबांकडं बघ जरा. धा दिस झालं, ज्येष्ठमध चघळत बसल्यात. थंड पानी न्हाई, तंबाखू न्हाई. बोलत्यात बी कमी.”

आबा ओट्यावर मोबाइल तोंडापुढं धरून बसले होते. शेतात ऊस आला, चारायला रान उरलं नाही, तसा आठ वर्षांपूर्वी त्यांनी कळप विकला. पण हाक तशीच होती, पार ओढ्यापलीकडं जाणारी. त्यांनी ती मारली. गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. पडद्यावरची मेंढरं निवांत चरत राहिली.

“बघितलंस?” आबा खजील होऊन म्हणाले. “जाहिरातीत माझ्या हाकंला वळत्यात. हितं न्हाई वळत. नरडं गेलं माझं. तुझ्या कंपनीला दुसऱ्याची हाक घ्यायला सांग, पोरी. लोक तुला नावं ठेवतील.”

मोनिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेट नाही, फोन जुना आहे, अशा थापा जिभेवर तयार होत्या; असल्या थापांवरच तर ती पोट भरत होती. पण आबांचा हात घशावर होता.

“आबा, तुमचा घसा चांगला हाय. ह्या गेमला ऐकूच येत न्हाई.”

“माझं?”

“कुनाचंच. बोटानं सरकवलं तरच मेंढरं वळत्यात.”

“मंग ते लिव्हलं कुनी?”

“मी. म्हाईत असून लिव्हलं.”

आता शिव्या बसतील असं तिला वाटलं. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. आबांनी मोठा श्वास सोडला, “म्हंजी नरडं शाबूत हाय!” म्हणाले आणि लगेच फोन लावला.

“भिमा, काढा बंद कर! आरं, आपली हाक चुकत न्हाई. आमच्या मोनीनंच खोटं लिव्हलं हुतं.”

शिरूरचा भिमा, पाटसचा हौसराव, कुरकुंभची जाईबाई. एके काळी आबांबरोबर रानोमाळ हिंडलेली ही माणसं आपापल्या ओट्यावर हाका मारत होती, आणि आपलंच काहीतरी संपलं असं प्रत्येकाला वाटत होतं. आबांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. ते नुसती खबर देत होते आणि दरवेळी तिचं नाव घेत होते. मोनिकाला वर बघवेना.

जाईबाईंना फोन लागला तसा तिनं हात पुढं केला. “द्या आबा. मी सांगते.”

“जाईआजी, मोनिका बोलतीय, वरवंडची. तुमची हाक चांगली हाय. ती जाहिरातच खोटी हाय. मीच लिव्हली.”



“आगं, पर त्यात तर आबांचा आवाज हाय,” जाईबाई म्हणाल्या. “म्हनून तर आमी खरं मानलं.”